सरडगुहिऱ्याचा आहार आणि उंदीर : एका क्रियापदाचे तीन अर्थ

‘सरडगुहिरा उंदीर खातो’ हे विधान वरवर पाहता साधे व निःसंदिग्ध वाटते. परंतु मराठीतील वर्तमानकाळाचे रूप एकाच वेळी अनेक अर्थ वाहून नेत असते. ‘खातो’ म्हणजे ‘खाऊ शकतो’, हा सामर्थ्याचा अर्थ. ‘नेहमी खात असतो’, हा रीतीचा अर्थ. आणि विधान पाळणाऱ्याच्या कानी पडले की त्याला ‘खावयास द्यावा’ हा विध्यर्थही नकळत चिकटतो. युरोप-अमेरिकेत मोठ्या जातींचे सरडगुहिरे, म्हणजे शॅमेलिअन, हौसेने पाळले जातात. त्यांना उंदीर घालावेत की नाही, हा वाद त्या हौशी मंडळींत जुना आहे. त्यातील बराचसा गोंधळ या तीन अर्थांच्या सरमिसळीतून निर्माण झालेला आहे. म्हणून हे अर्थ एकेक करून तपासणे इष्ट ठरेल.

प्रथम सामर्थ्य. मादागास्कर बेटावरील पार्सनचा आणि औस्तालेचा सरडगुहिरा शेपटीसह ६० सेंटिमीटरांहून अधिक वाढू शकतात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील मेलरचा सरडगुहिराही असाच थोराड असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, सरडगुहिऱ्याच्या जिभेवरील स्राव मानवी लाळेच्या सुमारे ४०० पट दाट असतो, आणि त्याच्या चिकटपणामुळे हा प्राणी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचे भक्ष्यही ओढून घेऊ शकतो. तेव्हा लहानसा उंदीर पकडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी आहे, याविषयी वाद नाही.

दुसरा अर्थ रीतीचा. रानात या प्राण्यांचा मुख्य आहार कीटकांचा. मोठ्या जाती क्वचित लहान पाली-सरडे वा एखादे पाखरू गिळतात, हेही खरे. पण प्रासंगिक घटना म्हणजे रीत नव्हे. औस्तालेचा सरडगुहिरा झाडाची फळे खाताना आढळल्याचे निरीक्षण २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून त्याला फलाहारी ठरविण्यास कोणी धजणार नाही. उंदराच्या बाबतीत मात्र नेमकी अशीच उडी घेतली जाते.

तिसरा अर्थ विधीचा; आणि प्राण्याचे जीवित अवलंबून असते ते याच अर्थावर. रातकिडा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, तर वाढलेला पांढरा उंदीर २५ ग्रॅमांच्या आसपास; म्हणजे एक उंदीर घालणे हे एका बैठकीत पन्नास रातकिडे घालण्यासारखे होय. सरडगुहिरा प्रथिनांतील नत्र यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतो. पाणी अपुरे पडले, मूत्रपिंडे दुबळी झाली किंवा प्रथिनांचा सतत अतिरेक झाला, तर या आम्लाचे स्फटिक सांध्यांत, मूत्रपिंडांत व हृदयाच्या आवरणावर साचू लागतात. हाच संधिवाताचा ‘गाउट’ नावाचा प्रकार. पिंजऱ्यातला सरडगुहिरा आपले दुखणे लपवितो. सांधे सुजलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडांची हानी बहुधा भरून न येण्याजोगी झालेली असते. याखेरीज उंदराच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा साठा असतो, आणि तेही वारंवार दिल्यास अपायकारक ठरते. जिवंत उंदीर जिभेला वा ओठांना चावतो, हा धोका वेगळाच.

उंदीर घालणाऱ्यांचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी अधिक असतो, तर वाढलेल्या उंदराच्या हाडांतून कॅल्शियम पुरेसे मिळते. पण या जातींना सहसा दिले जाते ते नुकतेच जन्मलेले, केस न आलेले पिल्लू. त्याची हाडे पुरती घट्ट झालेली नसल्याने नेमका हाच लाभ उणावतो. कॅल्शियमची उणीव रातकिड्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भुरभुरून आणि त्यांना आधी सकस पाला खाऊ घालून अधिक सुरक्षितपणे भरून काढता येते. अंडी घातल्यावर खंगलेल्या मादीस एखादे पिल्लू देण्याचा प्रघात काही पाळणाऱ्यांत आहे. निरोगी, भरपूर पाणी मिळणाऱ्या प्रौढ प्राण्यास असे क्वचित दिलेले पिल्लू बाधेलच असे नाही. परंतु ते आवश्यकही नाही.

महाराष्ट्रात आढळणारा सरडगुहिरा या जातींहून लहान असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला घरी पाळणेच बेकायदेशीर असल्याने येथे त्याच्या आहाराचा प्रश्न रानापुरताच उरतो. तथापि आहारविषयक विधानांची ही चिकित्सा कोणत्याही पाळीव प्राण्याच्या बाबतीत उपयोगी पडेल. ‘खाऊ शकतो’ यावरून ‘खात असतो’ हे सिद्ध होत नाही, आणि ‘खात असतो’ यावरूनही ‘द्यावे’ हे आपोआप निघत नाही. ‘खातो’ या एका रूपात हे तिन्ही अर्थ मावतात ही भाषेची सोय आहे; त्या सोयीची किंमत मुक्या प्राण्याला मोजावी लागू नये, एवढी दक्षता बोलणाऱ्याने व ऐकणाऱ्याने घेतली पाहिजे.