बेसबॉल

बेसबॉल : चेंडू व दांडू यांच्या साहाय्याने प्रत्येकी नऊ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा मैदानी खेळ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो ‘राष्ट्रीय विरंगुळा’ म्हणून ओळखला जातो. नागर वस्तीची वाढ, वंशभेद, मालक व वेतनधारी यांचे संबंध इ. प्रश्नांचे प्रतिबिंब या खेळाच्या इतिहासात पडलेले असल्याने एक सामाजिक संस्था म्हणूनही त्याचा अभ्यास केला जातो.

खेळाचे स्वरूप : क्रीडांगणाचा अंतर्भाग चौरसाकृती असून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार तळ म्हणजे ‘बेस’ असतात. लगतच्या दोन तळांमधील अंतर २७·४३ मी. (९० फुट) असते. मध्यभागीच्या उंचवट्यावरून पिचर हा खेळाडू १८·४४ मी. अंतरावरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो. क्रिकेटप्रमाणे चेंडूचा टप्पा पाडला जात नाही आणि फलंदाजास चेंडू चौफेर न टोलविता समोरील काटकोनी क्षेत्रातच मारावा लागतो. योग्य कक्षेतील तीन चेंडू वाया घालविल्यास तो बाद होतो. उलट कक्षेबाहेरील चार चेंडू न खेळता सोडल्यास त्यास पहिला तळ आपोआप मिळतो. चारही तळांना क्रमाने स्पर्श करून परतल्यावर एक धाव होते. तीन गडी बाद होताच डाव पालटतो. प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात व बरोबरी झाल्यास जादा डाव खेळवितात. सामन्यास ठराविक कालमर्यादा नसते.

उगम व विकास : दांडूने चेंडू मारून तळांभोवती धावण्याचे राउंडर्ससारखे खेळ इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रूढ होते. १७४४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या एका पुस्तकात ‘बेसबॉल’ हे नाव आढळते. मॅसॅचूसेट्समधील पिट्सफील्ड या गावाने १७९१ मध्ये सभागृहाच्या खिडक्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्याच्या आसपास हा खेळ खेळण्यास मनाई केली होती. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लेखी नियम तयार केले. धावणाऱ्या खेळाडूस चेंडू फेकून मारण्याची जुनी रीत त्यांनी बंद केली. त्यामुळे टणक चेंडू वापरणे शक्य झाले आणि मुलांच्या या खेळास प्रौढांच्या खेळाचे स्वरूप आले. नऊ डाव व नव्वद फुटांचे अंतर १८५७ मध्ये निश्चित झाले. यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) सैनिकांच्या छावण्यांतून हा खेळ देशभर पसरला.

ॲब्नर डबलडे या सेनाधिकाऱ्याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे बेसबॉलचा शोध लावला, असा निष्कर्ष १९०५ मध्ये नेमलेल्या एका समितीने काढला. तथापि त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात शिकत होता आणि त्याच्या लेखनात या शोधाचा निर्देश नाही. इतिहासकारांनी ही कथा त्याज्य ठरविली आहे. राष्ट्रीय खेळाचा उगम स्वदेशीच असावा, या तत्कालीन आकांक्षेची ती द्योतक आहे. खेळाचे वस्तुसंग्रहालय व मानकऱ्यांचे स्मारक १९३९ मध्ये कूपर्सटाउन येथेच उघडण्यात आले.

व्यावसायिक संघटन : १८६९ मध्ये सिनसिनॅटीचा ‘रेड स्टॉकिंग्ज’ हा उघडपणे वेतन देणारा पहिला संघ उभा राहिला. नॅशनल लीग (१८७६) व अमेरिकन लीग (१९०१) या दोन प्रमुख संघटना होत. त्यांच्या विजेत्यांमधील ‘वर्ल्ड सीरीज’ ही मालिका १९०३ मध्ये सुरू झाली. १९१९ च्या मालिकेत जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या आठ खेळाडूंवर आला. न्यायालयाने १९२१ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. तरीही आयुक्त केनेसॉ मौंटन लँडिस यांनी त्यांच्यावर कायमची बंदी घातली. त्यानंतर डळमळीत झालेला लोकांचा विश्वास परत येण्यास बेब रूथ याच्या फलंदाजीचा मोठा हातभार लागला. त्याने १९२७ मध्ये एका हंगामात ६० ‘होम रन’ काढले.

वंशभेद : गोऱ्या संघमालकांनी कृष्णवर्णीयांना प्रमुख लीगमधून दूर ठेवले. त्यासाठी लेखी नियम नव्हता; मालकांचा मूक संकेतच सुमारे साठ वर्षे पुरेसा ठरला. रूब फॉस्टर याने १९२० मध्ये कृष्णवर्णीयांची ‘नीग्रो नॅशनल लीग’ स्थापिली. सॅचेल पेज, जॉश गिब्सन असे श्रेष्ठ खेळाडू अशा संघटनांत खेळले. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघातर्फे जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि हा संकेत मोडला. प्रेक्षकांची व प्रतिस्पर्ध्यांची शिवीगाळ त्याने संयमाने सोसली. लष्करातील वंशभेद रद्द करणारा आदेश १९४८ चा व शाळांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९५४ चा आहे. त्या दोहोंपूर्वीची ही घटना होय. मात्र उत्तम खेळाडू गोऱ्यांच्या संघांत जाऊ लागल्याने कृष्णवर्णीयांच्या लीग लयास गेल्या व त्यांच्या मालकीचा एक भरभराटीचा व्यवसाय संपला. गिब्सन तर रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी तीन महिने निवर्तला होता. या लीगमधील नोंदी २०२४ मध्ये अधिकृत आकडेवारीत समाविष्ट झाल्या आणि कारकीर्दीतील सर्वोच्च फलंदाजी-सरासरी (·३७२) गिब्सनच्या नावे नोंदली गेली.

खेळाडूंचे हक्क : करार संपल्यावरही खेळाडूवर मूळ संघाचाच ताबा राहावा, अशी प्रथा १८७९ पासून रूढ झाली. मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये दिला. आपणास न विचारता दुसऱ्या संघाकडे सोपविल्याबद्दल कर्ट फ्लड याने दावा लावला. तो १९७२ मध्ये हरला व त्याची कारकीर्दही संपुष्टात आली. परंतु १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने ही प्रथा मोडली व खेळाडूंचे वेतन झपाट्याने वाढले. १९९४ मधील संपामुळे त्या वर्षीची ‘वर्ल्ड सीरीज’ रद्द करावी लागली.

लोकजीवनातील स्थान : हंगामाच्या आरंभी राष्ट्राध्यक्षाने पहिला चेंडू फेकण्याचा प्रघात टाफ्ट यांनी १९१० मध्ये पाडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनतेचे मनोधैर्य टिकावे म्हणून सामने चालू ठेवावेत, असे रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये कळविले. १९४३ ते १९५४ या काळात स्त्रियांची व्यावसायिक लीगही अस्तित्वात होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीच्या प्रसाराबरोबर अमेरिकन फुटबॉलने लोकप्रियतेत बेसबॉलला मागे टाकले. उत्तेजक द्रव्यांच्या सेवनावरील २००७ च्या अहवालाने अनेक विक्रम संशयास्पद ठरविले. लांबत जाणारे सामने आटोपशीर व्हावेत म्हणून २०२३ पासून चेंडू फेकण्यास वेळेची मर्यादा घालण्यात आली.

इतर देशांतील प्रसार : क्यूबात १८६० च्या दशकात व जपानमध्ये १८७० च्या दशकात हा खेळ पोहोचला. जपानमध्ये १९३६ पासून व्यावसायिक लीग असून तेथे तो अत्यंत लोकप्रिय आहे. प्रमुख लीगमधील खेळाडूंत एक चतुर्थांशाहून अधिक परदेशात जन्मलेले असून त्यांत डॉमिनिकन प्रजासत्ताक व व्हेनेझुएला येथील खेळाडू बहुसंख्य आहेत. भारतात क्रिकेटच्या प्रभावामुळे बेसबॉलचा प्रसार मर्यादित राहिला. रिंकू सिंग व दिनेश पटेल या भारतीय भालाफेकपटूंना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. तथापि ते प्रमुख लीगपर्यंत पोहोचले नाहीत. ऑलिंपिकमध्ये १९९२ ते २००८ या काळात बेसबॉलसाठी पदके दिली जात. २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा खेळला गेला व यजमान जपानने अमेरिकेस हरवून सुवर्णपदक मिळविले.