धोनी धावबाद झाला तेव्हा

१० जुलै २०१९. मँचेस्टरमध्ये भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना. हॉटस्टार या व्हिडिओ ॲपवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक तो पाहत होते. तेव्हाचा हा जागतिक विक्रम.

हा भार पेलला भाड्याच्या क्लाउडने. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढवण्याची सोय तिथे असते. पण नवा सर्व्हर कामाला लागायला काही मिनिटं जातात आणि प्रेक्षक तेवढं थांबत नाहीत. म्हणून अभियंत्यांनी अंदाज बांधून जादा सर्व्हर आधीच चालू ठेवले. ताण फारच वाढला, तर शिफारशींसारख्या दुय्यम सेवा बंद करायच्या, सामना मात्र चालू ठेवायचा, ही आखणी तर फारच शहाणपणाची!

धोनी बाद होताच लोक भराभर बाहेर पडू लागले. खरी कसोटी इथेच. सामना सोडून मागे जाणारा प्रत्येक जण ॲपच्या पहिल्या पानावर येतो आणि ते पान पुरवणाऱ्या एकाच सेवेवर लाखोंचा मारा होतो.