दोन नोंदी, एक इंजिन

एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. आमच्या इनामगावातील एका मोटारीत संगणकाची नोंद सांगे, ‘पेट्रोल कमी’. प्लग मात्र काजळीने काळा! खरे कोणाचे?

सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला प्राणवायू मोजतो. ठिणगी चुकली की प्राणवायू न वापरताच बाहेर पडतो आणि सेन्सर फसतो. तेव्हा पेट्रोल वाढवले तर काजळीच वाढते. खरोखर कमी असताना न वाढवले, तर भाराखाली पिस्टन वितळू शकतो. म्हणून मी आधी ठिणगी व नळीची गळती पाहतो.

१९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. तेव्हाही खापरे, हाडे, करपलेले धान्य एकमेकांशी ताडून पाहिले गेले. साक्षीदाराने नेमके काय पाहिले, हे आधी विचारावे.