सामूहिक साठवण-व्यवस्थेतील यजमान-प्रवेशाची विसंगती आणि तिचे निरीक्षण

एखाद्या संगणकास स्वतःच्या पेटीतील तबकडी आणि दूरच्या सामूहिक साठवण-व्यवस्थेने पुरविलेली तबकडी यांत वाचन-लेखनाच्या दृष्टीने फारसा भेद जाणवत नाही. हा भेद जाणवू नये हेच या व्यवस्थेचे उद्दिष्ट होय. परंतु त्यामागे जी योजना उभी करावी लागते ती बरीच गुंतागुंतीची असते. साठवण-व्यवस्थेने स्वतंत्र तबकडी म्हणून पुढे केलेल्या खंडास व्यवहारात 'लन' म्हणतात, आणि त्याचा उपयोग करणाऱ्या संगणकास होस्ट अथवा यजमान म्हणतात. कोणत्या यजमानाने कोणता लन, कोणत्या मार्गांनी पाहावा, यासंबंधीचा निर्णय एका ठिकाणी लिहिलेला नसतो. त्याचा एक भाग साठवण-व्यवस्थेच्या जोडणी-पटात, दुसरा जाळ्यातील स्विचांच्या झोनिंगमध्ये आणि तिसरा खुद्द यजमानाच्या मांडणीत असतो. बहुतेक संस्थांत हे तिन्ही भाग निरनिराळ्या व्यक्तींच्या हाती असतात. विसंगतीचे मूळ पुष्कळदा तंत्रात नसून या विभागणीत असते.

विसंगती म्हणजे बिघाड नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. बिघाड झाल्यास काम थांबते आणि तक्रार येते. विसंगती असताना काम बिनबोभाट चालू राहते. जो मार्ग चुकीचा मांडला आहे त्यावरून जाण्याचा प्रसंगच आलेला नसतो. तो प्रसंग येतो एखादा नोड बंद पडल्यावर, म्हणजे ज्या क्षणासाठी दुहेरी मार्गांचा सारा खर्च केलेला असतो नेमक्या त्याच क्षणी.

यजमानाची ओळख कशी पटते ते पाहू. फायबर चॅनेलच्या जाळ्यात प्रत्येक पोर्टास ६४ बिटांचे नाव असते. षोडशमान पद्धतीत ते १६ अंकांचे होते. साठवण-व्यवस्था अशा नावांचे गट करते आणि लन त्या गटास जोडते. यजमानाचे जाळे-कार्ड नादुरुस्त होऊन नवे बसविले की नाव बदलते. झोनिंगमध्ये नवे नाव घातले, पण गटात घालावयाचे राहिले, तर पोर्ट जाळ्यात दाखल झालेले दिसते, मात्र त्यास एकही लन दिसत नाही. यजमानाचे दुसरे कार्ड काम करीत असल्यामुळे कोणाच्याच लक्षात हे येत नाही.

आय-स्कझी पद्धतीत, जिचे प्रमाणीकरण २००४ साली आरएफसी ३७२० या मसुद्याने झाले, यजमानाचे नाव हे यंत्रात कोरलेले नसून साध्या मजकुराच्या स्वरूपात त्याच्या मांडणीत लिहिलेले असते. यात एक निराळाच धोका संभवतो. एका तयार संगणकाची हुबेहूब प्रत काढून दुसरा उभा केला तर दोघांचेही नाव एकच होते. एकाच नावाने आणि एकाच सत्र-क्रमांकाने दुसऱ्याने प्रवेश मागितला की व्यवस्था समजते, पहिलाच यजमान जोडणी तुटल्यामुळे परत आला आहे. म्हणून ती जुने सत्र संपवून नवे स्वीकारते. पहिला पुन्हा प्रवेश मागतो, मग दुसरा बाहेर पडतो. वरवर पाहता हा जाळ्याचा दोष वाटतो आणि दिवसचे दिवस तारा व स्विच तपासण्यात जातात. याहून गंभीर गोष्ट अशी की, दोघांनाही एकच लन दिसतो. सामायिक वापरासाठी न रचलेल्या फाइल-व्यवस्थेत दोन संगणकांनी एकाच वेळी लेखन केल्यास त्यांपैकी प्रत्येकजण आपल्या स्मृतीतील नोंदींवर विश्वासून दुसऱ्याचे लेखन पुसून टाकतो. अशी हानी पुढे दुरुस्त करणे बहुधा अशक्य असते.

तथापि अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रकार मार्गांच्या संख्येसंबंधीचा आहे. चार नोडांचा एक समूह घेऊ. १ व २ ही एक जोडी, ३ व ४ ही दुसरी. एका जोडीतील एक नोड पडला तर दुसरा त्याचे काम उचलतो. यजमानास दोन पोर्ट असून ती दोन स्वतंत्र जाळ्यांना जोडलेली आहेत आणि प्रत्येक नोडाचे प्रत्येक जाळ्यात एक पोर्ट आहे. सर्व नोडांवरून लन दाखविल्यास ८ मार्ग मिळतात. इतक्या मार्गांची सहसा गरज नसते. म्हणून नेटॲपच्या ओनटॅप प्रणालीत ८.३ या आवृत्तीपासून लन ज्या नोडाकडे आहे तो आणि त्याचा जोडीदार एवढ्याच दोहोंवरून तो दाखविण्याची रीत पडली. यजमानास मग ४ मार्ग दिसतात: मालक नोडाचे दोन, जे सरळ असतात, आणि जोडीदाराचे दोन, जे आडवळणाचे असतात, कारण तेथे आलेली विनंती समूहाच्या अंतर्गत जाळ्यातून मालकाकडे न्यावी लागते. कोणता मार्ग कोणत्या जातीचा हे स्कझी प्रमाणातील 'अलुआ' या योजनेनुसार यजमान विचारून घेतो.

आता हा लन १ वरून ३ वर हलविला, पण तो दाखविणाऱ्या नोडांची यादी बदलली नाही, असे समजा. यजमानास अद्यापही ४ मार्गच दिसतात. संख्या मोजणारी निरीक्षण-यंत्रणा सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देईल. वस्तुतः चारही मार्ग आता आडवळणाचे झाले आहेत आणि त्यांतील एकही नव्या जोडीवर उतरत नाही. वाचन-लेखन थोडे मंदावते, एवढेच. पण लन हलविण्याचे कारण पुष्कळदा असे असते की, जुनी जोडी निवृत्त करावयाची आहे. ती ज्या दिवशी बंद होते त्या दिवशी चारही मार्ग एकदम नाहीसे होतात. नव्या जोडीवर लन सुखरूप असूनही यजमानाच्या लेखी तबकडी उरत नाही. लिनक्सच्या आय-स्कझी प्रणालीत तुटलेले सत्र जुळण्याची वाट मूळ मांडणीनुसार १२० सेकंद पाहिली जाते. मग त्रुटी वर जाते आणि फाइल-व्यवस्था पुष्कळदा लेखन नाकारू लागते.

यावरून निरीक्षणाने काय तपासावे ते ठरते. निव्वळ बेरीज पुरेशी नाही. प्रत्येक लनसाठी मार्गांचा संच पाहावयास हवा: मालक नोडावर किमान एक सरळ मार्ग आहे काय, जोडीदारावर आहे काय, आणि हे मार्ग दोन्ही जाळ्यांत वाटले गेले आहेत काय. चारही मार्ग एकाच स्विचातून जात असतील तर चार हा आकडा फसवा होय. तद्वतच लनची ओळख त्याच्या जोडणी-क्रमांकावरून नव्हे तर त्याने स्वतः सांगितलेल्या अनुक्रमांकावरून पटवावी, कारण जोडणी-क्रमांक काढून तोच दुसऱ्या लनला देता येतो.

तुलना त्रिविध असावी लागते. काय असावयास हवे, काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय दिसते, या तीन चित्रांपैकी कोणतीही दोनच घेतली तर एक प्रकारची चूक निसटते. साठवण-व्यवस्थेस कोणते पोर्ट दाखल झाले ते कळते; पण यजमानावर अनेक मार्ग एकत्र बांधणारी आज्ञावली चालू आहे की नाही हे तिला निश्चित कळू शकत नाही. ते यजमानासच विचारले पाहिजे. पहिले चित्र, म्हणजे अपेक्षा, बहुतेक ठिकाणी लिहूनच ठेवलेले नसते. चालू मांडणीलाच अपेक्षा मानण्याचा मोह मग होतो, आणि त्यायोगे जुन्या चुका प्रमाण म्हणून कायम होतात.

अडचणीचा प्रश्न सूचनांच्या अतिरेकाचा आहे. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला यजमान, लन हलविण्याच्या मधल्या काळातील अर्धवट अवस्था, निवृत्त कार्डाचे गटात राहिलेले नाव, या सर्व व्याख्येने विसंगतीच होत. प्रत्येक वेळी घंटा वाजविल्यास चालक ती ऐकेनासा होतो. यास्तव मार्ग कमी असल्याची सूचना लागोपाठच्या दोन-तीन तपासण्यांत स्थिती कायम राहिल्यावरच द्यावी, जुन्या नावांची यादी आठवड्यातून एकदा पुढे ठेवावी; मात्र परस्परांशी संबंध नसलेल्या दोन यजमानांना एकच लन जोडला गेल्याचे आढळताच क्षणाचाही विलंब लावू नये. पहिल्या प्रकारात थांबण्याची किंमत काही मिनिटांची असते. दुसऱ्यात प्रत्येक लेखनागणिक विदा नष्ट होत असते. नियोजित बंद करण्यापूर्वी मात्र हे वर्गीकरण बाजूस ठेवून त्या नोडावर विसंबलेल्या प्रत्येक लनची मार्ग-तपासणी नव्याने करावी, आणि एकाही लनचे सर्व मार्ग त्या जोडीवर एकवटले असल्यास काम पुढे ढकलावे.