कागद कुठे अडला? तक्त्यात बघा

आज आपण एक तक्ता काढू. त्याला फळा लागत नाही, अंगण पुरतं.

आमच्या गटात वनहक्काच्या दाव्याचा विषय निघाला, की एकच उत्तर यायचं, "साहेबांकडे आहे." कोणते साहेब, हे कोणालाच सांगता यायचं नाही. म्हणून आम्ही रांगोळीने चौकोन काढले. सगळ्यात वर जिल्हाधिकारी, सगळ्यात खाली ग्रामसभा. एक ताई म्हणाली, "यात आपण बाया कुठे आहोत?" आम्ही सगळं पुसलं आणि कायद्याप्रमाणे पुन्हा काढलं.

२००६ च्या वनहक्क कायद्यात काम ग्रामसभेपासून सुरू होतं. म्हणून पहिला मोठा चौकोन ग्रामसभेचा. तिला लागून लहान चौकोन वनहक्क समितीचा. ही समिती ग्रामसभाच निवडते. सदस्य १० ते १५, त्यात किमान एक तृतीयांश महिला. समिती दावे घेते, जागेवर जाऊन पडताळते. पण ठराव ग्रामसभाच करते.

तिथून बाण उपविभागस्तरीय समितीकडे जातो. अध्यक्ष उपविभागीय अधिकारी. पुढचा बाण जिल्हास्तरीय समितीकडे, अध्यक्ष जिल्हाधिकारी. दाव्याला मंजुरी तिथे मिळते.

आता हळदीने दुसरी रेघ काढा. ही अपिलाची. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल, तर ६० दिवसांत उपविभागस्तरीय समितीकडे जाता येतं. तिचा निर्णय मान्य नसेल, तर पुढच्या ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे.

तक्ता कागदावर उतरवताना तीन गोष्टी सांभाळा. चौकोनात माणसाचं नाव नको, पद लिहा. साहेब बदलतात, पद राहतं. प्रत्येक चौकोनाखाली त्याचं काम लिहा. आणि बाणावर कागद पाठवल्याची तारीख लिहा, पोच जपून ठेवा. ज्या बाणावर तारीख नाही, त्याच्या मागच्या चौकोनात कागद अडला आहे. विचारायला तिथेच जायचं.

तक्ता कायमचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. २०११ साली परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तक्त्यातला एक चौकोन गावात आला.

आता त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर. दाव्यांच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. आपण घरी राहिलो, तर पहिलाच चौकोन रिकामा राहतो आणि पुढचा बाण निघतच नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्या गावाचा तक्ता काढा. ग्रामसभेच्या दिवशी तो भिंतीवर लावा आणि त्याच्यासमोर बसा.