आघातजन्य मोतीबिंदू

मोतीबिंदू हा केवळ वार्धक्याचा विकार होय, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून उसाचा मुलूख म्हणून प्रसिद्धीस आलेल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात तरी पुरता खरा मानता येत नाही. कारण उसाच्या पात्याची करवती धार, वेड्या बाभळीचा काटा, किंवा विहिरीचा खडक फोडताना छिन्नीवरून उडालेली लोखंडाची कपची ऐन तारुण्यातल्या डोळ्यासही तो जडवू शकते. नेत्रभिंगाच्या अत्यंत पातळ आवरणास छिद्र पडले, की डोळ्यातील द्रव आत शिरून भिंगाचे तंतू फुगतात व थोड्याच अवधीत ते दुधाळ होते. बोथट आघाताने मात्र आवरण शाबूत राहूनही कित्येक महिन्यांनी पाकळ्यांसारखी अपारदर्शकता उमटू शकते.

अशा डोळ्यात दूध वा पाल्याचा रस घालणे सर्वथा वर्ज्य. रुतलेली वस्तू न उपसता, डोळा न चोळता, त्यावर दाब न येईल असे कठीण आच्छादन बांधून रुग्णास तत्काळ नेत्रशल्यविशारदाकडे न्यावे. प्रथम जखम शिवतात, भिंग बहुधा मागाहून बदलतात. बालकांच्या बाबतीत हयगय विशेष घातक, कारण धूसर डोळ्याकडील प्रतिमेची मेंदू दखल घेईनासा होतो, आणि पुढे शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दृष्टी मंदच राहते.