गोधडी, फोन आणि टाक्यांचा वेग

हाताने शिवलेली गोधडी फोनवरून विकायची म्हटलं की पहिली अडचण पडद्याचीच येते. पडद्यावर मशीनची गोधडी आणि हातशिलाईची गोधडी जवळजवळ सारखीच दिसते, किमतीत मात्र कितीतरी पटींचा फरक असतो. जिने घरकाम उरकून, दुपारी कापडावर बसून आठवडेच्या आठवडे धावदोरा घातला, तिची मेहनत फोटोत उतरलीच नाही तर समोरचा ‘एवढी महाग का?’ असं विचारणारच. म्हणून प्रसिद्धीची सुरुवात खातं उघडण्यापासून नको, फोटोपासून करावी.

गोधडी सकाळी खिडकीजवळ जमिनीवर पसरा. फ्लॅश आणि ट्यूबलाइट बंद करा. खिडकीतला उजेड एका बाजूने, तिरपा यायला हवा. समोरून पडणाऱ्या उजेडात टाके सपाट होऊन जातात. तिरप्या उजेडात मात्र टाक्यांच्या प्रत्येक ओळीला बारीक सावली पडते आणि दोन ओळींमधलं कापड हलकं फुगलेलं दिसतं. टाका कुठे गव्हाएवढा, कुठे तांदळाएवढा, ओळ मध्येच किंचित वळलेली. हे लपवू नका. मशीनला जमत नाही ते हेच आहे, आणि ग्राहक पैसे मोजतो तेही याचेच. एक फोटो खाटेवर अंथरलेल्या गोधडीचा घ्या, म्हणजे आकार कळतो. एक अगदी जवळून घ्या. आणि एक उलट बाजूचा, कारण जाणकार बाई गोधडी हातात आली की आधी उलटून बघते.

आता व्हिडिओ. टिकटॉकवर बंदी आली आणि लगोलग, जुलै २०२० मध्ये, इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. साधी पोस्ट बहुतेक करून तुम्हाला आधीपासून फॉलो करणाऱ्यांनाच दिसते. रील अनोळखी माणसांपर्यंतही जातं. त्याचं गणित थोडक्यात असं: रील आधी काही जणांना दाखवलं जातं. त्यांनी ते किती वेळ पाहिलं, आवडलं म्हणून खूण केली का, आणि मुख्य म्हणजे कुणाला पाठवलं का, हे पाहून ते पुढे न्यायचं की नाही ते ठरतं. बहिणीने बहिणीला ‘आईच्या साड्यांचं असं करू या का?’ म्हणून पाठवलेलं एक रील शंभर बदामांपेक्षा मोलाचं आहे. तेव्हा सुरुवातीचे सेकंद नमस्कारात किंवा दुकानाच्या नावात घालवू नका. पहिलंच दृश्य सुईचं असू द्या: सुई चार-पाच पदरांतून वर येते, अंगठा कापड दाबून धरतो, दोरा सरसरत निघतो.

या दृश्यावर सिनेमातलं गाणं लावायचा मोह होतो. व्यवसायाच्या खात्याला गाण्यांचा पूर्ण संग्रह मिळत नाही, आणि मिळाला तरी जाहिरातीसाठी दुसऱ्याचं गाणं वापरणं हा स्वामित्वहक्काचा प्रश्न आहे. मला तर गाण्याची गरजच वाटत नाही. जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज, मागे बायकांच्या गप्पा, ‘कडेनं सुरू करायचं आन् मधी यायचं’ असं शिवणारीने तिच्या बोलीत सांगणं, यापेक्षा चांगलं पार्श्वसंगीत कुठून आणणार? फक्त तिचा चेहरा दाखवायचा असेल तर तिला आधी विचारा, आणि तिचं नाव तिला हवं तसंच लिहा.

खात्याच्या नावाच्या रकान्यात नुसतं ‘सखी क्रिएशन्स’सारखं काही लिहून भागत नाही. लोक शोधतात ‘गोधडी’, म्हणून तो शब्द आणि गावाचं नाव तिथे हवंच. आपली मुलं रोमन अक्षरांत टाइप करतात, परदेशातली मराठी माणसं ‘क्विल्ट’ म्हणून शोधतात. ओळखीसाठी मिळणाऱ्या दीडशे अक्षरांत हेही बसवा. पोस्टखालच्या मजकुरात टाकलेली लिंक उघडत नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपची लिंक या ओळखीतच द्यायची.

कारण खरा व्यवहार ठरतो तो व्हॉट्सअॅपवर. छोट्या व्यावसायिकांसाठीचं व्हॉट्सअॅप बिझनेस २०१८ पासून आपल्याकडे फुकट मिळतं. त्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या, म्हणजे घरचे निरोप आणि गिऱ्हाइकं एकमेकांत मिसळत नाहीत. त्यातल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक गोधडीचा आकार, कापड, धुण्याची पद्धत आणि किंमत लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही पद्धत मला मुळीच पटत नाही. विचारायला संकोचणारा माणूस निघून जातो, आणि विचारणाऱ्यांना तेच तेच उत्तर देण्यात शिवणाऱ्या हातांचा वेळ जातो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबर जतन करायला सांगा. न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका. वैतागून लोकांनी तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो.

ग्राहकाच्या स्वतःच्या साड्यांची गोधडी शिवून देणं हे या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम. पार्सलमधून येतात त्या बहुतेक वेळा गेलेल्या आईच्या किंवा आजीच्या साड्या. पार्सल उघडतानाच प्रत्येक साडी वेगळी पसरून, शेजारी ग्राहकाच्या नावाची चिठ्ठी ठेवून फोटो काढा आणि लगेच पाठवा. ‘पोचल्या’ एवढ्या निरोपाने समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. मग विचारा: धुऊ का? जरीचे काठ काढू की ठेवू? कुठली साडी वर दिसायला हवी? मऊ सुती साडी गोधडीला उत्तम. नायलॉन सुईखाली सरकतं, रंग जाणारी साडी शेजारच्या कापडाला डागाळते. हे शिवण्याआधीच सांगायचं, लिहून. चॅटला ‘साड्या आल्या’, ‘शिलाई चालू’, ‘पाठवली’ अशी लेबलं लावली की सरमिसळ होत नाही. आणि ती आईची गोष्ट कितीही हृद्य असली, तरी ग्राहकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय पोस्टवर येता कामा नये.

माझा खरा आग्रह आहे तो वेगाबद्दल. समाजमाध्यमांची सगळी रचना जास्तीत जास्त माणसं जमवण्यासाठी आहे, आणि हातशिलाईचं काम नेमकं याच्या उलट आहे. घर सांभाळून एका बाईला मोठी गोधडी पुरी करायला तीन-चार आठवडे सहज लागतात. तिघीजणी असतील तर महिन्याला तीन, फार तर चार गोधड्या. अशा वेळी एखादं रील लाखभर लोकांनी पाहिलं आणि दोनशे जणांनी मागणी केली, तर तो आनंद आठवडाभरात ओझं होतो. टाके लांब पडू लागतात, कुणीतरी गुपचूप मशीन लावायचं सुचवतं, आणि ज्या कारणासाठी लोक आले तेच हातातून जातं. म्हणून पैसे देऊन पोस्ट ‘बूस्ट’ करण्याची घाई सुरुवातीला नको. महिन्याला किती गोधड्या होतात ते आधी मोजा, तेवढ्याच नोंदी घ्या, बाकीच्यांना प्रतीक्षा यादीत महिना सांगून ठेवा. दिवाळीची गोधडी हवी असेल तर नोंदणी श्रावणातच संपेल, हे आषाढात जाहीर करा. ‘या महिन्याची नोंदणी पूर्ण झाली’ ही पोस्ट टाकायला लाजू नका. माझ्या मते जाहिरात म्हणून तिच्याइतकी प्रामाणिक दुसरी नाही.

पैशाचं थोडक्यात. अर्धी रक्कम आगाऊ घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो, म्हणून पैसे आले की नाही ते आपल्याच बँक खात्यात बघा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही; कुणी टाकायला सांगितला तर तो फसवतो आहे. स्वतःचं कापड वापरून गोधडी विकणं ही वस्तूची विक्री, तर ग्राहकाच्या साड्या शिवून देणं जीएसटीच्या हिशेबात सेवा ठरते, आणि दोन्हींच्या नोंदणीच्या मर्यादा वेगळ्या आहेत. उलाढाल वाढू लागली की करसल्लागाराला एकदा भेटा.

पाठवणीचा खर्च मात्र आधीच काढून ठेवा. अनेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि जो आकडा मोठा त्याचे पैसे लावतात. अडीच किलोची गोधडी ४५ × ३५ × २० सेंटिमीटरच्या सैल गठ्ठ्यात गेली तर ६.३ किलोचे पैसे पडतात. तीच घट्ट दाबून, दोरीने आवळून १० सेंटिमीटर उंचीत बसवली तर ३.१५ किलोचे. आत एक चिठ्ठी टाका: शिवणारीचं नाव, लागलेले आठवडे, थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, सुरुवातीला वेगळी धुवा. आणि पहिल्या धुण्यानंतर गोधडी कशी झाली त्याचा फोटो मागा. धुऊन मऊ झालेल्या, वापरातल्या गोधडीचा, ग्राहकाच्याच घरात काढलेला तो फोटो परवानगी घेऊन लावला, की पुढच्या गिऱ्हाइकाचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.